लोखंडे यांची पाचवी मागणी

ठाण्याचे नाव निघाले की १६ एप्रिल १८५३ ची पहिली रेल्वेगाडी हमखास आठवते. त्या गाडीच्या इंजिनांची नावेही लोकांना पाठ असतात : साहिब, सिंध आणि सुलतान. बोरीबंदरहून निघालेली ती गाडी ठाण्याला पोहोचली तेव्हा याच गावात पाच वर्षांचा एक मुलगा वाढत होता. त्याचे नाव मात्र ठाणेकरांना चटकन आठवत नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे ते नाव. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले, मूळ पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील कन्हेरसरच्या माळी कुटुंबातले, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक आणि भारतीय कामगार चळवळीचे जनक. रविवारची सुटी त्यांनी मिळवून दिली एवढे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीटही काढले. आम्हाला आज त्यांच्या दुसऱ्याच एका मागणीविषयी लिहायचे आहे. ती मागणी ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या धुळीत राबणाऱ्या माणसाच्या पदरात अजून पडलेली नाही.

रेल्वे ठाण्याला थांबली नाही. १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत गेली. त्यासाठी खाडीवर पूल बांधावा लागला आणि पारसिकच्या डोंगराला बोगदे पाडावे लागले. पहार, घण आणि सुरुंगाची दारू, एवढ्यावर ते काम झाले. कोंदट बोगद्यात उडालेला दगडाचा भुगा कोणाकोणाच्या छातीत गेला, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. इंजिनांची नावे मात्र ठेवली. इतिहास कोण लिहितो, यावर बरेच अवलंबून असते. असो.

लोखंडे यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. पुढे रेल्वेत आणि पोस्टात नोकरी करून ते मुंबईच्या मांडवी कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. स्टोअरकीपर हा तसा पांढरपेशा माणूस. त्याने हिशेब ठेवावा, मालकाची मर्जी राखावी आणि घरी जावे. पण लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे होते. गिरणीत पहाटे शिरणारी आणि अंधार पडल्यावर बाहेर येणारी माणसे ही आपलीच शेतकरी माणसे आहेत, सावकाराने आणि दुष्काळाने गावाबाहेर काढलेली आहेत, हे त्यांना दिसत होते. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेला ‘दीनबंधु’ आर्थिक अडचणीत आला, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी तो मुंबईत चालवायला घेतला. त्या काळातली मोठी वृत्तपत्रे गिरणीमालकांच्या नफ्याची काळजी करत होती. ‘दीनबंधु’ गिरणीच्या आतले लिहीत होता.

१८८१ साली सरकारने पहिला कारखाना कायदा केला. तो शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या यांत्रिक कारखान्यांनाच लागू होता. सात वर्षांच्या आतील मुलांना कामावर घ्यायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून जास्त काम घ्यायचे नाही, एवढीच त्याची करुणा. प्रौढ स्त्री-पुरुषांबद्दल कामाच्या तासांचा एक शब्द नाही. १८८४ मध्ये मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी संधी ओळखली. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या नावाने सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. सही म्हणजे बहुतेकांचा अंगठा, हे सांगायला नको.

निवेदनात पाच मागण्या होत्या. दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. आणि पाचवी : काम करताना कामगार जबर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या उपजीविकेची तजवीज व्हावी.

या पाचव्या मागणीवर आमची नजर अडकते. धूळ हा शब्द तिच्यात नाही. १८८४ साली फुप्फुसाचा क्ष-किरण फोटो कोणी काढत नव्हते, तो शोधच १८९५ चा आहे. अपघात म्हणजे पट्ट्यात अडकलेला हात, तुटलेले बोट. रक्त दिसले तर जखम. पण काम करताना माणूस अधू झाला तर त्याला पोसण्याची जबाबदारी कामाच्या मालकाची, हे तत्त्व एकदा मांडले की ते बोटापाशी थांबत नाही, छातीपर्यंत जाते.

सरकारने लगेच काही केले नाही. लोखंडे यांनी सहा वर्षे पाठपुरावा केला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही तिथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या सरकारी कारखाना आयोगातही लोखंडे यांनी मुंबईच्या कामगारांच्या वतीने काम केले. त्यातून १८९१ चा कायदा आला. शंभराची मर्यादा पन्नासावर आली, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा लागली आणि आठवड्याची सुटी कायद्यात बसली. पाचवी मागणी मात्र त्यात नव्हती.

या सुटीची एक गोष्ट डॉक्टरमंडळी सांगतात. कापसाच्या बारीक धुळीने कामगारांना बिसिनोसिस नावाचा श्वासाचा विकार होतो. सुटीनंतर पहिल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, छाती आवळल्यासारखी होते आणि दम लागतो, पुढे आठवडाभर ते जरा कमी होते. सोमवारचा हा त्रास हीच त्याची ओळख. आम्हाला वाटते, ज्या गिरणीत ठरलेली सुटीच नव्हती तिथे ही खूण उमटणार तरी कशी? कामगार रोजच खोकत होता, तर वेगळे काय दिसणार? लोखंडे यांच्या रविवारने कामगाराला विश्रांती दिली, तसे त्याचे दुखणेही उघडे केले. पण हे कापसाचे, म्हणजे वनस्पतीच्या धुळीचे झाले. खनिज धूळ अशी खूण देत नाही. तिला सोमवार-शनिवार काही नसते. आणि ती गिरणीतही होतीच. कापडाला वजन यावे म्हणून सुताच्या खळीत चिनी माती घातली जात असे, ती वाळून उडायची.

गिरणीतही जात होतीच. धोट्यात दोरा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेतले जात नसे. ज्या खात्यात पगार कमी, तिथे आपली माणसे. धुळीची वाटणीही भारतात जातीने होते, हे आम्ही चिडून म्हणत नाही. दगड फोडणारे वडार, खडी वाहणाऱ्या भूमिहीन बाया, पत्रे तोडणारी पोरे यांच्याकडे पाहा आणि सांगा.

खनिज धुळीचे दोन प्रकार नीट समजून घेतले पाहिजेत. एक तंतूसारखी, तिचे ठळक उदाहरण अॅस्बेस्टॉस. घराच्या सिमेंट पत्र्यात, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, बॉयलरच्या आवरणात तो घातलेला असे. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. फुप्फुसात रुतले की निघत नाहीत. वीस, तीस, चाळीस वर्षांनी फुप्फुस निबर होते किंवा कर्करोग होतो. कपड्यांवरून ते घरी येतात आणि कपडे धुणाऱ्या बाईलाही आजारी करतात. मुंबईतल्या एका अॅस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी झाली, तिचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. २२ टक्के कामगारांना अॅस्बेस्टॉसिस निघाला.

दुसरी कणांची धूळ, आणि तिच्यात सर्वांत घातक सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश. आपल्या भागाचा काळा दगड हा बेसाल्ट. त्यात मोकळी सिलिका कमी असते. म्हणून शीळ रस्त्यावरच्या किंवा मुंब्रा-दिव्याकडच्या क्रशरची धूळ निरुपद्रवी ठरत नाही, बारीक धूळ कोणतीही असो, वर्षानुवर्षे आत गेली की दमा-खोकला जडवतेच. पण सिलिकेचा खरा धोका आज खाणीतून शहरात आला आहे. कल्याण-डोंबिवलीत जिकडेतिकडे टॉवर उठत आहेत. प्रत्येक घरात ग्रॅनाइटचा ओटा लागतो आणि ग्रॅनाइटमध्ये गारगोटी भरपूर असते. बंद खोलीत कोरड्या कटरने तो कापणारा पोरगा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होतो. ओतकामाच्या वाळूत, वाळूच्या फवाऱ्याने लोखंड घासण्याच्या कामात हीच सिलिका. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात तर ती नव्वद टक्क्यांच्या घरात असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली. हे कण इतके बारीक की तोंडाला बांधलेल्या रुमालातून आरपार जातात. कापताना पाणी सोडणे आणि धूळ जागेवरच ओढून घेणारा पंखा लावणे हे खरे उपाय, म्हणून तर ते टाळले जातात. सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही. काम सोडले तरी वाढतो. आणि अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू चटकन घर करतात.

कल्याण पूर्वेला आमच्या वस्तीत एक शेजारी होते. बावीस वर्षे खडीवर काम केले. दोनदा टीबीचा कोर्स झाला, दम काही गेला नाही. दवाखान्यात त्यांना बिडी किती ओढता हे दर वेळी विचारले. काम काय करता हे एकदाही विचारले नाही. ते गेले तेव्हा घरात कागद कोणते? टीबीचे कार्ड आणि रेशनकार्ड. हजेरीचा, पगाराचा एक चिटोरा नाही.

आता कायदा काय सांगतो पाहा. लोखंडे यांची पाचवी मागणी कायद्यात यायला १९२३ चा कामगार भरपाई कायदा उजाडला. त्यात धुळीचे आजार पुढे आले. सिलिकोसिस, अॅस्बेस्टॉसिस तर त्या यादीत आहेतच, सिलिकोसिसमुळे जडलेला क्षयही आहे. अनेक मालकांकडे काम केले असेल तर त्यांनी भरपाई वाटून द्यावी, अशीही तरतूद झाली. म्हणजे आमच्या शेजाऱ्याचा प्रश्न कायद्याला माहीत आहे. फक्त कायदा कागद मागतो आणि खाण एका खात्याची, शेजारचे क्रशर दुसऱ्या खात्याचे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. अभ्रकाच्या खाणीतील कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा १९४६ चा. कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय, जे आज मुंबईत शीवला आहे, ते १९४५ चे. कामगार विम्याचा पायाही याच काळातला. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला आणि आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपायला सांगितल्या. तो निकाल न्या. के. रामस्वामी यांनी लिहिला.

आणि मर्यादेचे काय झाले? १८८१ ला शंभर, १८९१ ला पन्नास, १९२२ ला वीस, १९४८ ला विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत ती पुन्हा वीस आहे. धोकादायक म्हणून सरकार जे काम अधिसूचित करील त्याला संख्येची अट राहणार नाही, असे म्हटले आहे. ओटा कापणाऱ्या टोळीत चार माणसे असतात. त्यांचे काम अधिसूचित करून घेणे हे आता आपल्या संघटनांचे काम आहे.

लोखंडे यांना १८९५ मध्ये रावबहादूर पदवी मिळाली. पदवी घेऊन ते घरी बसले नाहीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, धनिक बाहेर पडले, कामगार गावाकडे पळू लागले. लोखंडे वस्त्यांत राहिले, रुग्णांसाठी झटले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच प्लेगने गेले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीमाई गेल्या, त्याही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना.

येत्या ९ फेब्रुवारीला हार-फुलांचा खर्च थोडा कमी करून दोनशे पानी वह्या घ्याव्यात, असे आम्ही वस्तीतल्या पोरांना सुचवले आहे. सकाळी आठला नाक्यावर उभे राहायचे. नाव, गाव, कोणते काम, किती वर्षे, कोणाकडे, खोकला कधीपासून, फोटो काढला का, एवढे लिहून घ्यायचे आणि त्यावर दोन सोबत्यांच्या सह्या घ्यायच्या. ठाणे, मुंब्रा, डोंबिवलीच्या कार्यकर्त्यांनीही हे करावे. आमच्या वहीचे पहिले पान त्या शेजाऱ्याच्या मुलाचे आहे. तो ग्रॅनाइट कापतो.