भाऊ दाजी लाड

भाऊ दाजी लाड (जन्म : १८२२ किंवा १८२४, मृत्यू : ३१ मे १८७४) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे ख्यातनाम डॉक्टर, प्राच्यविद्यापंडित व समाजसेवक होत. कुष्ठरोगावर एका देशी वनस्पतीच्या बियांचे औषध त्यांनी रुग्णांना देऊन पाहिले.

जीवन

त्यांचा जन्म गोव्यातील मांद्रे या गावी झाला. कुटुंब मुंबईस आल्यानंतर त्यांचे शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेत झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. तेथून १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत ते होते. पुढे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी सक्रिय पुरस्कार केला. १८६९ व १८७१ मध्ये त्यांना मुंबईच्या नगरपालाचा (शेरीफ) मान मिळाला. अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन आणि कालिदासाचा कालनिर्णय हे त्यांचे संशोधनही मान्यता पावले. १८६५ च्या शेअर बाजारातील कोसळीत त्यांची संपत्ती गेली. दवाखाना आणि संशोधन मात्र सुटले नाही.

कुष्ठरोगावरील औषध

प्राचीन संस्कृत वैद्यकग्रंथ वाचताना, त्यांत विलक्षण गुणकारी म्हणून वर्णिलेली द्रव्ये प्रत्यक्षात कितपत उतरतात हे पडताळून पाहण्याचा ध्यास भाऊ दाजींनी घेतला. ग्रंथात आहे म्हणून खरे, किंवा देशी आहे म्हणून टाकाऊ, ही दोन्ही टोके त्यांनी टाळली. त्या काळी कुष्ठरोग्यास समाज दूर लोटत असे आणि पाश्चात्त्य वैद्यकाकडेही त्यावर खात्रीचा इलाज नव्हता.

त्यांनी निवडलेली वनस्पती म्हणजे कडू कवठ, म्हणजेच कवटी किंवा खष्ट. सह्याद्रीच्या व कोकणच्या दमट रानात ओढ्याकाठी हे झाड वाढते. मनमाडसारख्या कोरड्या पठारावरील वाचकाने ते पाहिलेले असण्याचा संभव कमी. शिवाय नावात कवठ असले तरी नेहमीच्या कवठाशी त्याचे नाते नाही. त्याच्या कठीण कवचाच्या फळातील बियांपासून तेल निघते. त्याच वर्गातील पूर्वेकडच्या वृक्षाचे चौलमुग्रा तेल कलकत्त्याचे डॉ. मूआट यांनी १८५४ मध्ये पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेस आणले होते. भाऊ दाजींनी पश्चिम किनाऱ्यावर मिळणारे झाड उपयोगात आणले.

त्यांच्या काही रुग्णांना गुण आला, असे समकालीनांचे मत होते. परंतु औषधाची कृती त्यांनी दीर्घकाळ गुप्त ठेवली. पुरती खात्री पटल्यावरच ती सांगावी, असा हेतू असू शकेल. परिणाम मात्र असा झाला की इतर डॉक्टरांना तोच प्रयोग करून त्याचा खरेखोटेपणा ठरविता आला नाही. औषध न घेतलेल्या रुग्णांशी पद्धतशीर तुलना करण्याची रीत तेव्हा रूढ नव्हती. हा आजार कधी कधी आपोआपही काही काळ मंदावतो. त्यामुळे आलेला गुण तेलाचा किती, हे सांगणे कठीणच होते.

रोगाचे कारणही तेव्हा ठाऊक नव्हते. नॉर्वेत हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू पाहिला तो १८७३ मध्ये, भाऊ दाजींच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. हा जंतू क्षयाच्या जंतूचा सगोत्र आहे. आजार त्वचेवर व नसांवर दिसत असला, तरी उपचार न झालेल्या रुग्णाच्या नाकातोंडातील तुषारांवाटे तो पसरतो, असे आता मानले जाते.

पुढील इतिहास

तेलातील आम्ले १९०४ च्या सुमारास पॉवर यांनी वेगळी केली. हे तेल पोटात घेतले की मळमळ होई आणि टोचले तर गाठी येत. ही अडचण हवाई बेटांतील तरुण रसायनशास्त्रज्ञ ॲलिस बॉल यांनी १९१५ च्या सुमारास टोचण्याजोगे रूप तयार करून दूर केली. १९४० च्या दशकात डॅप्सोन आले आणि तेलाचा वापर मागे पडला. आज अनेक औषधे एकत्र देऊन हा रोग पूर्ण बरा करता येतो.

भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत भाऊ दाजींचा मोठा वाटा होता. १९७५ मध्ये त्यास त्यांचे नाव देण्यात आले.