नऊ महिन्यांचा असताना आई गेली, मोठा होऊन त्यानं जगाला 'किंडरगार्टन' दिलं

हल्ली काही शाळांच्या बालवर्गात 'मेकरस्पेस' नावाचा कोपरा असतो. पुठ्ठे, चिकटपट्टी, दोऱ्याची रिळं, लाकडाचे तुकडे. मुलांनी काहीतरी बनवायचं, एवढंच. पण तिथं खरी गंमत वस्तूंची नसते, ती माणसांची असते. चिकटपट्टी एक आणि हात चार. कुणी हिसकावतो, कुणी रुसतो, आणि थोड्या वेळानं तीच दोघं एकमेकांचा पुठ्ठा धरून बसलेली दिसतात.

हे सगळं नवं वाटतं ना? पण लहान मुलांच्या हातात वस्तू देऊन त्यांना एकत्र खेळू द्यायचं, हा उद्योग पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. त्यामागचा माणूस म्हणजे फ्रेडरिक फ्रोबेल. डी.एड., बी.एड. केलेल्यांनी हे नाव दोन मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. माणूस मात्र त्याहून बराच मोठा होता.

२१ एप्रिल १७८२. जर्मनीतल्या थुरिंगिया भागात ओबरवाइसबाख गावच्या पाद्रीबाबांच्या घरी फ्रेडरिकचा जन्म झाला. तो नऊ महिन्यांचा असताना आई वारली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईनं सुरुवातीला जीव लावला, पण स्वतःचा मुलगा झाल्यावर ती दुरावली. वडील चर्चच्या कामात. त्यांच्या लेखी हा मुलगा मंद होता. मग पोराची सोबत कोण? घरामागची बाग.

दहाव्या वर्षाच्या आसपास मामा त्याला स्टाटइल्म गावी घेऊन गेले. तिथल्या शाळेत बरोबरीची मुलं भेटली आणि पहिल्यांदा तो मोकळेपणानं खेळला. पुढं त्यांनी जे काही उभं केलं त्याचं मूळ मला तरी इथंच दिसतं. खेळायला सवंगडी नसणं म्हणजे काय, हे या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

पुढची वर्षं धरसोडीची. जंगलखात्याच्या माणसाकडे उमेदवारी, मग येना विद्यापीठ. तिथं कर्ज फेडता न आल्यानं विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. १८०५ मध्ये वास्तुकला शिकायला फ्रँकफर्टला गेले आणि झाले मास्तर! मग स्वित्झर्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझींच्या संस्थेत दोन वर्षं. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात सैनिक म्हणून भाग. नंतर बर्लिनच्या खनिज संग्रहालयात नोकरी. तिथं दिवसभर स्फटिक हाताळायचे. स्फटिकांचे कोन आणि पैलू त्यांच्या डोक्यात असे बसले की पुढं मुलांच्या खेळण्यांतही तेच उतरले.

१८१६ मध्ये त्यांनी शाळा काढली, ती वर्षभरात कायलहाऊला गेली. पण शाळेच्या वयाच्याही आधी काय, हा प्रश्न त्यांना सोडेना. १८३७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, बाड ब्लांकेनबुर्ग इथं त्यांनी लहानग्यांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला नाव दिलं, 'किंडरगार्टन'. म्हणजे मुलांची बाग. आपल्या 'बालवाडी'तली वाडीही कोकणातल्या माणसाला नारळी-पोफळीच्या बागेचीच आठवण करून देते.

खेळण्यांना ते 'देणग्या' म्हणायचे. पहिली देणगी लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. तिसरी सगळ्यात भारी: आठ छोट्या ठोकळ्यांत सुटणारा एक घन. जोडीला कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. ठोकळ्यांची पेटी ज्याची त्याची असायची. एकत्र येणं व्हायचं ते गोलात हात धरून खेळताना आणि बागेत. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा, शिवाय सगळ्यांचे मिळून सामायिक वाफे. आपल्या रोपाला पाणी घालायचं आणि सगळ्यांच्या रोपालाही.

ही कसर पुढं अमेरिकेत पॅटी स्मिथ हिल या शिक्षिकेनं भरून काढली. फ्रोबेल यांच्यानंतर काही शिक्षकांनी त्या देणग्यांची कवायत करून टाकली होती. ठोकळा कुठं ठेवायचा हेही बाईच सांगणार. हिल यांनी ठोकळे थेट मोठे केले. इतके मोठे की मुलं आत शिरतील असं घर व्हावं. एकट्यानं ते उभंच राहीना, मग शेजारच्याला हाक मारणं आलंच.

हे पाहायला फ्रोबेल नव्हते. ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशिया सरकारनं किंडरगार्टनवर बंदी घातली. १८४८ च्या क्रांतीनं धास्तावलेल्या सरकारला त्यात नास्तिकपणा आणि समाजवाद दिसला. फ्रोबेल यांचा पुतण्या कार्ल याच्या लिखाणाचा ठपका काकांवर आला, असं सांगितलं जातं. खुलासे करूनही उपयोग झाला नाही. २१ जून १८५२ रोजी ते गेले, तेव्हा बंदी कायम होती. ती उठली १८६० मध्ये.

तोवर त्यांच्या शिष्या बाहेर पडल्या होत्या. बाईमाणसानं शिक्षिका होणं तेव्हा सोपं नव्हतं, पण फ्रोबेल यांनी तरुणींना मुद्दाम या कामासाठी तयार केलं होतं. त्यांच्या विचारानं भारलेल्या मार्गारेट शुर्झ यांनी १८५६ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाऊनला आपल्या घरीच किंडरगार्टन भरवलं, मुलं होती घरातली आणि नात्यातली.

श्वाइना गावात फ्रोबेल यांची कबर आहे. तिच्यावर दगडाचं स्मारक आहे: खाली घन, त्यावर वृत्तचिती, सगळ्यात वर गोल.