उमाबाई दाभाडे

उमाबाई दाभाडे (मृत्यू : नोव्हेंबर १७५३) या मराठ्यांचे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी. अभोण्याच्या ठोके घराण्यात त्यांचा जन्म झाला. मावळातील तळेगाव हे दाभाड्यांचे मूळ ठाणे असून गावाला त्यांच्याच नावाने तळेगाव दाभाडे म्हणतात. पती व थोरला पुत्र यांच्या पश्चात उमाबाईंनी सुमारे वीस वर्षे सेनापतिपदाचा कारभार पाहिला. गुजरातच्या वसुलाच्या वाटणीवरून पेशव्यांशी झालेला त्यांचा संघर्ष मराठेशाहीच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला.

वाटणीची पद्धत

१७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्यावर पेशवा बाळाजी विश्वनाथ यांनी वसुलाची वाटणी ठरवली. सरदेशमुखी, म्हणजे दहावा हिस्सा, संपूर्णपणे छत्रपतींची होती. चौथाईच्या दर शंभर रुपयांपैकी २५ राजबाबती म्हणून छत्रपतींकडे, ६ साहोत्रा म्हणून पंतसचिवांकडे जात. ३ रुपये नाडगौंडा छत्रपतींच्या मर्जीनुसार दिला जाई आणि उरलेले ६६ मोकासा म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांना मिळत. गुजरात मात्र या सहा सुभ्यांत नव्हता. तेथील वसूल खंडेराव व त्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांनी स्वाऱ्या करून बसवला होता. पुढच्या तंट्याचे मूळ येथेच आहे.

डभई आणि नंतरचा तह

खंडेराव १७२९ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी गुजरातचा मोगल सुभेदार सरबुलंदखान याने तेथील चौथाई-सरदेशमुखीचा करार पेशवा बाजीराव यांच्याशी केला. हा आपल्या हक्कावरील घाला आहे, असे नवे सेनापती त्र्यंबकराव यांना वाटले व त्यांनी निजामाशी संधान बांधले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत ते मारले गेले. उमाबाईंच्या सांत्वनासाठी शाहू महाराज स्वतः तळेगावास आले. धाकटे यशवंतराव सेनापती झाले, परंतु ते लहान असल्याने कारभार मातेकडे आला. गुजरातचा बंदोबस्त सेनापतींनी करावा आणि निम्मा वसूल पेशव्यांमार्फत सरकारात भरावा, असे ठरले. पुत्राच्या वधानंतर त्याच पेशव्यांच्या हाती पैसा देण्याची ही अट उमाबाईंनी मनाने कधीच स्वीकारली नाही.

१७३२ मध्ये पिलाजींचा खून झाल्यावर त्यांनी अहमदाबादेवर चाल केली. या स्वारीनंतर शाहूंनी त्यांना सोन्याचे तोडे दिल्याची कथा सर्वतोमुखी आहे. मोहिमेचे खरे फलित मात्र चौथाई-सरदेशमुखीखेरीज अहमदाबादच्या उत्पन्नातून मान्य झालेले ८०,००० रुपये हे होय.

आळंदीची भेट व कैद

शाहू हयात असेतो निम्म्या वाट्याचा तगादा फारसा झाला नाही. डिसेंबर १७४९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कर्जाने गांजलेल्या नानासाहेब पेशव्यांनी ती मागणी पुढे केली. नोव्हेंबर १७५० मध्ये आळंदीच्या भेटीत उमाबाईंनी, मूळ करार जबरदस्तीचा असल्याने तो बंधनकारक नाही, अशी बाजू मांडली. पेशव्यांना ती पटली नाही. फौजेचा खर्च सरदाराने सोसायचा आणि निम्मा वसूल सरकारने न्यायचा, या तक्रारीत तथ्य होते. पण वीस वर्षे भरणा टाळल्याने तिचे बळ कमी झाले होते.

याच महिन्यात ताराबाईंनी रामराजांना कैद केले. उमाबाईंनी ताराबाईंचा पक्ष घेऊन पिलाजींचे पुत्र दमाजी गायकवाड यांना गुजरातेतून साताऱ्याकडे पाठवले. आरंभीच्या यशानंतर ते कोंडीत सापडले. निम्मा गुजरात आणि २५ लाख रुपये मागितले गेले, तेव्हा आपण केवळ सेनापतींचे ताबेदार असल्याचे सांगून त्यांनी करार नाकारला. ३० एप्रिल १७५१ रोजी पेशव्यांनी तहाची बोलणी चालू असतानाच त्यांच्या छावणीवर छापा घालून त्यांना पकडले. तळेगावात राहणाऱ्या दाभाडे-गायकवाडांच्या कुटुंबीयांना लोणावळ्याजवळच्या लोहगडावर कैदेत ठेवले गेले. हा गड त्यांच्या घरापासून दिवसाच्या वाटेवर होता.

अखेर

पुढील तह दाभाड्यांना वगळून थेट दमाजींशी झाला. निम्मा गुजरात, थकबाकीचे १५ लाख आणि दरसाल ५,२५,००० रुपये त्यांनी मान्य केले. दाभाड्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी ठरावीक वार्षिक रक्कम द्यावी, हेही एक कलम होते. कालच्या ताबेदाराकडून धन्याला नेमणूक मिळू लागली. पुढे दमाजींच्या वंशजांचे बडोदे संस्थान उभे राहिले. उमाबाईंचे निधन पुण्यात झाले. त्यांची समाधी तळेगाव दाभाडे येथे बनेश्वर मंदिराच्या परिसरात आहे.