शरभोजीराजांचा हस्तिदंती सांगाडा

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाताना वाटेत ओरत्तनाडु लागते. अकाली निवर्तलेल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ शरभोजीराजांनी १८०२ च्या सुमारास येथे अन्नछत्र बांधले आणि गावास मुक्तांबाळपुरम् हे नाव दिले. रामेश्वरच्या यात्रेकरूंना तेथे अन्न मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे. मुलांची शाळाही छत्राला जोडलेली होती. शाळेची ही आस्था राजांच्या बालपणातून आली असावी.

१७७७ साली भोसले कुळात जन्मलेल्या या मुलाला तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि लवकरच डोळे मिटले. गादीवर आलेल्या अमरसिंहांच्या काळात मुलगा जवळजवळ नजरकैदेत वाढला; त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याने खटपट करून त्याला मद्रासेस हलविले. तेथे मात्र तो कसून शिकला. १७९८ मध्ये गादी मिळाली. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने राज्यकारभार काढून घेतला.

हाती उरलेल्या आयुष्यात राजांनी सरस्वती महाल ग्रंथांनी समृद्ध केला. धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय चिकित्सा एका छपराखाली आणल्या. नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे करून घेतली. शरीररचना शिकायची तर हाडे हाताळावी लागतात आणि मृताच्या अस्थींचा विटाळ मानला जाई. राजांच्या संग्रहात त्यासाठी हस्तिदंती सांगाडा होता. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा त्यांच्या मंडळींना तो पाहावयास मिळाला.

अशा सांगाड्यावरून कवटीचा आकार कळे. तिच्या आतले दुखणे कळणे अवघड. कानशिलाच्या हाडात श्रवणाचा शंख बसलेला असतो, त्यालगत तीन इवलीशी हाडे. ते हाड विकाराने फुगले की ऐकू येणे मंदावते. राजे पाश्चात्त्य संगीताचे चाहते होते, पदरी युरोपीय वाद्यवृंद होता. त्याच काळात व्हिएन्नात बेथोव्हेन पूर्ण बहिरे झाले होते. १८२७ मध्ये त्यांच्या शवविच्छेदनात कवटी जाड आणि श्रवणाच्या नसा आकसलेल्या आढळल्या. कारण अस्थिविकाराचे होते की काय, हा वाद आजही मिटलेला नाही. ज्या विकाराची शंका घेतली जाते, त्याचे वर्णन जेम्स पॅजेट यांनी लंडनमध्ये १८७६ साली केले. शरभोजीराजे त्यापूर्वीच, १८३२ मध्ये निवर्तले होते.