कामगारांचे पुढारी ना. म. जोशी

ना. म. जोशी यांचे पूर्ण नाव नारायण मल्हार जोशी. त्यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी गोरेगाव येथे झाला. मला आधी वाटले, हे मुंबईचे गोरेगाव. पण नाही. हे आपल्या रायगड जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातले. तेव्हा आपल्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत.

त्यांचे शिक्षण पुण्यास झाले. काही वर्षे त्यांनी शाळेत शिकवले. १९०९ साली ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात गेले. तिथे स्वतःसाठी पैसे मिळवायचे नाहीत अशी शपथ घ्यावी लागे. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. कामगार दिवसभर गिरणीत, म्हणून त्यांच्यासाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये सुरू केली.

१९२० साली देशातल्या सगळ्या कामगारांची मोठी संघटना निघाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष होते. ती काढण्यात जोशी पुढे होते. त्या वेळी संघटना काढली तर मालक कोर्टात खेचू शकत. म्हणून १९२१ साली दिल्लीच्या कायदेमंडळात त्यांनी कायद्याची मागणी केली. कायदा १९२६ साली झाला. पाच वर्षे लागली!

आता १९२८ सालचा संप सांगते. तो मला आजोबांमुळे समजला. आजोबा मुंबईत एका गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एक कामगार दोन साचे बघायचा. मालकांनी ठरवले, आता तीन बघायचे. मला वाटले, त्यात काय एवढे? आजोबांनी मला वहीत गणित घालायला लावले. साठ साचे असतील तर दोन-दोनप्रमाणे तीस माणसे लागतात. तीन-तीनप्रमाणे वीसच. मग दहा माणसे कुठे गेली? घरी बसली. मुंबईत तर हजारो साचे होते.

म्हणून एप्रिलमध्ये गिरण्या बंद पडल्या. दीड लाख कामगार संपावर गेले. जोशींची युनियन वेगळी आणि लाल बावट्यावाल्यांची वेगळी. त्यांचे एकमेकांशी पटत नसे. जोशी सबुरीने बोलणी करणारे, ते जहाल. तरी या संपात दोघे एकाच कमिटीत बसले. मला ही गोष्ट फार आवडली. आमच्या वर्गात कबड्डीच्या दोन टीमसुद्धा एकत्र बसत नाहीत.

संप सहा महिने चालला. पगार नाही म्हणजे मुंबईत राहणार कसे? पुष्कळ कामगार कोकणात आणि घाटावर आपल्या गावी आले. ऑक्टोबरात तडजोड झाली. चौकशीसाठी सर चार्ल्स फॉसेट यांची समिती नेमली. सगळे मिळाले असे नाही, पण मालकांना आपल्याच मनाने सगळे करता आले नाही.

पुढे १९२९ साली नागपूरला मोठ्या संघटनेत फूट पडली आणि जोशी बाहेर पडले. १९४० साली ते परत तिचे सरचिटणीस झाले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

मुंबईत लोअर परळला डिलाईल रोड आहे. त्याला आता ना. म. जोशी मार्ग हे नाव आहे. माझे आजोबा रोज त्याच रस्त्याने कामाला जायचे. १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप झाला, तेव्हा त्यांची गिरणी बंद झाली ती परत उघडलीच नाही. मग ते गावी आले आणि शेती करू लागले. त्या संपाचे विचारले की ते गप्प होतात, म्हणून मी जास्त विचारले नाही.

आजोबा अजून डिलाईल रोडच म्हणतात. ज्यांचे नाव त्या रस्त्याला आहे ते आपल्या जिल्ह्यातले, हे त्यांना माहीतच नव्हते. मी सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारले, खरंच का गं? दिवाळीत काकांकडे मुंबईला गेले की ती पाटी मी बघून येणार आहे.