शांतीचे नित्यकर्म : आचार्य विनोबा भावे

आचार्य विनोबा भावे हे नाव उच्चारले की सामान्य मराठी वाचकाला प्रथम ‘गीताई’ आठवते आणि मग भूदान. हैदराबादच्या मराठी वाचकाचे विनोबांशी नाते याहून थोडे अधिक जवळचे आहे. ज्या गावी भूदानाचा जन्म झाला, ते पोचमपल्ली आपल्या शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे. ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त त्यांच्या दीर्घ जीवनातील एकच धागा येथे उलगडावयाचा आहे : रोजच्या सामान्य सहकार्यातून हिंसेचे कारणच नाहीसे करण्याचा त्यांचा ध्यास.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास गेले आणि पुढे सारे कुटुंब तेथे राहिले. वडिलांकडून विनोबांना गणिताची आणि शिस्तीची आवड लाभली, तर आई रखुमाईकडून भक्ती. घरी फणस फोडला की आधी शेजारपाजारच्या घरी गरे पोहोचवायचे आणि मग आपण खायचे, हा आईचा नियम होता. एकदा तिने देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला आणि रोज एकेक दाणा मोजून ती वाहू लागली. तोळाभर तांदळात किती दाणे बसतात ते मोजून हिशेबाने वजन करावे, अशी वडिलांची सूचना होती. विनोबांनी मात्र आईची बाजू घेतली. प्रत्येक दाण्याबरोबर होणारे स्मरण वजनकाट्याने साधणार नाही, हे त्या गणितप्रेमी मुलास पटले होते. पुढे साऱ्या देशापुढे त्यांनी जो कार्यक्रम ठेवला, त्याचे बीज या देवघरातच सापडते.

१९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. १९२१ पासून वर्धा हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली गीता-प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली. १९४२ नंतरच्या कारावासात त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला. माणसाशी त्याच्या भाषेत बोलता यावे, ही त्यामागील दृष्टी तेलंगणात उपयोगी पडणार होती.

विनोबांच्या चरित्रकारांनी पवनारजवळच्या सुरगावचा प्रसंग आवर्जून सांगितला आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे कित्येक महिने विनोबा रोज खांद्यावर फावडे टाकून त्या खेड्यात जात आणि मैला साफ करीत. भाषण नाही, सभा नाही. सूर्याने जसे उगवावे तसे जायचे. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये हे काम थांबले. फाळणीने उखडलेल्या निर्वासितांचे आणि मेवातमधील मेव मुसलमानांचे पुनर्वसन करण्यासाठी त्यांना उत्तरेकडे जावे लागले. द्वेषाने पेटलेल्या प्रदेशात घर, शेत आणि शेजार पुन्हा उभे करणे म्हणजे काय, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

अशी तयारी असलेला हा माणूस १९५१ मध्ये आपल्या भागात आला. हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरावयाचे होते. ८ मार्चला पवनारहून निघून सुमारे ३०० मैल पायी चालत विनोबा तेथे पोहोचले. तेलंगणाची स्थिती त्या वेळी भयावह होती. देशमुख-जहागीरदारांची वर्चस्वे, वेट्टी म्हणजे वेठबिगार आणि भूमिहीनांची उपासमार यांतून सशस्त्र लढा उभा राहिला होता. १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपली, तरी रक्तपात संपला नव्हता. खेडूत दिवसा पोलिसांच्या आणि रात्री बंडखोरांच्या धाकात जगत होता. १५ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, विनोबांनी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली आणि मग सशस्त्र पहारा न घेता ते तेलंगणाच्या खेड्यांकडे निघाले.

१८ एप्रिलला पोचमपल्लीत ते हरिजन वस्तीत गेले. त्या लोकांनी ८० एकर जमीन मागितली, निम्मी कोरडवाहू व निम्मी ओलिताची. सरकारकडे शब्द टाकण्याचा विचार विनोबांच्या मनात प्रथम आला, परंतु गावातील प्रश्नाला गावातच उत्तर असेल का, असे त्यांनी जमलेल्या ग्रामस्थांना सहज विचारले. तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी या जमीनमालकाने उठून १०० एकर देऊ केले. त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही. मागता येते आणि मिळते, हा शोध त्यांनाही नवा होता. त्यानंतर ते गावोगाव जमिनीचा सहावा हिस्सा मागू लागले : घरात पाच मुलगे असतील तर दरिद्रीनारायणाला सहावा समजावे. तेलंगणातील ५१ दिवसांत सुमारे १२,००० एकर जमीन मिळाली. पुढे तेरा वर्षे ही पदयात्रा देशभर चालली.

भूदानाइतकी प्रसिद्धी न मिळालेले, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम म्हणजे शांतिसेना. १९५७ मध्ये केरळात के. केळप्पन यांच्या नेतृत्वाखाली तिची पहिली तुकडी उभी राहिली. पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक असावा, ही विनोबांची अपेक्षा होती. दंगल उसळल्यावर धावत जाणे हे त्याचे काम खरे, पण त्याचे खरे कर्तव्य त्याआधीचे : आजाऱ्याची सेवा, सफाई, भांडणाऱ्या दोन घरांत जाऊन बसणे. ज्याला गल्ली वर्षभर ओळखते, त्याचेच शब्द संकटाच्या घटकेला ऐकले जातात, हे त्यामागचे साधे शहाणपण. याला जोड म्हणून त्यांनी सर्वोदय-पात्र सुचविले. घरातल्या लहान मुलाने रोज त्यात मूठभर धान्य टाकावे. ते शांतीच्या कामाला जाईल. मूठ मुलाचीच असावी, हा त्यांचा आग्रह होता. मोजून तांदूळ वाहणारी रखुमाई येथे पुन्हा भेटते.

मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस बागींनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. मेजर जनरल यदुनाथ सिंह यांनी या कामी पुष्कळ खटपट केली होती. शरण आलेल्यांवर रीतसर खटले चालले. पोलीस खात्यातून या प्रकारावर टीका झाली, हेही नमूद केले पाहिजे.

विनोबांच्या कार्याचे मूल्यमापन डोळसपणेच करावयास हवे. भूदानात ४० लाख एकरांहून अधिक जमिनीची दाने जाहीर झाली, पण त्यांतील पुष्कळ जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही. मागण्यासाठी जितके हात होते, तितके पुढची कागदपत्रे, विहिरी आणि बैल यांची व्यवस्था करण्यासाठी उरले नाहीत. १९७५ च्या आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेने अनेक निष्ठावंत सहकारीही दुखावले. दानाचा क्षण उत्कट होता. त्यामागून यावयाचे रोजचे काम जेथे थांबले, तेथे चळवळही थांबली. विनोबांनी सांगितलेला धडा त्यांच्या चळवळीच्या अपयशानेही असा खरा ठरतो.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्न आणि औषध सोडून, पवनार येथे त्यांनी शांतपणे देह ठेवला. पोचमपल्ली आज भूदान पोचमपल्ली या नावाने ओळखली जाते. ताणा आणि बाणा आधी रंगवून मग विणलेल्या तिथल्या वस्त्रांत नक्षी उमटते ती धागा धाग्याशी नेमका जुळला तरच. तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारी माणसे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली, तीही अशाच जुळणीने. आपले ग्रंथालयही शंभर वर्षे टिकले ते सभासदांच्या लहान वर्गणीवर आणि संध्याकाळी न चुकता दार उघडणाऱ्या कार्यकर्त्यांवर. विनोबांच्या हिशेबात हेही सर्वोदय-पात्रच. त्यात आपली मूठ रोज पडत राहो, हीच त्या ऋषितुल्य पुरुषास शताब्दीची आदरांजली.