दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म : कोसबें, गोवा, ३१ जुलै १९०७, मृत्यू : पुणे, २९ जून १९६६) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, इतिहासकार, नाणकशास्त्रज्ञ व संस्कृत ग्रंथांचे संपादक होते. मराठी वाचकांना ते मुख्यतः प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून परिचित आहेत. तथापि त्यांचा व्यवसाय आयुष्यभर गणिताचा होता. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवले जाणारे एक महत्त्वाचे विस्तारसूत्र त्यांनी १९४३मध्ये मांडले होते. ते सूत्र पुढे दीर्घकाळ इतर दोन गणितज्ञांच्याच नावाने ओळखले गेले.

बालपण व शिक्षण

पाली भाषा व बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे दामोदर यांचे वडील होत. वडील हार्वर्ड विद्यापीठात संशोधनासाठी गेले, तेव्हा १९१८मध्ये दामोदरही त्यांच्यासोबत अमेरिकेला गेले. तेथील केंब्रिज शहरात त्यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला व १९२९मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी संपादन केली. गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्यांना केवळ गणितावर लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला होता. कोसंबींनी तो मानला नाही. भाषा, इतिहास व विज्ञान या विषयांचा अभ्यास त्यांनी गणिताबरोबरच चालू ठेवला.

अध्यापन

भारतात परतल्यावर त्यांनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात आणि १९३१पासून अलीगढ मुस्लिम विद्यापीठात अध्यापन केले. अलीगढ येथे फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल हे त्यांचे सहकारी होते. १९३१मध्येच त्यांचा विवाह नलिनी मडगावकर यांच्याशी झाला. १९३३मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले व तेथे सुमारे बारा वर्षे त्यांनी गणित शिकवले. त्यांच्या गणितातील मौलिक कार्याचा मोठा भाग याच काळातला आहे. १९३४मध्ये त्यांना मद्रास विद्यापीठाचे रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

गणितातील कार्य

कोसंबींचे आरंभीचे संशोधन अवकल भूमितीत होते. द्वितीय क्रमाच्या अवकल समीकरणांची उकल म्हणजे अवकाशातील मार्गांचा एक समूह, असे मानून त्या समूहाचे भौमितिक गुणधर्म त्यांनी शोधले. १९३३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विचाराची एली कार्तां यांनी तत्काळ दखल घेतली, तर १९३९मध्ये चेर्न यांनी त्यात भर घातली. त्यामुळे हा सिद्धांत कोसंबी-कार्तां-चेर्न या संयुक्त नावाने ओळखला जातो. गतिमान प्रणालींच्या स्थिरतेचा अभ्यास करताना आजही त्याचा उपयोग होतो.

त्यांचा १९४३मधील फलन-अवकाशातील सांख्यिकीवरील निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काळानुसार अनिश्चितपणे बदलणारी राशी, उदाहरणार्थ भूकंपाची कंपने, वाऱ्याचा वेग किंवा ध्वनीचा संकेत, ही साध्या फलनांच्या बेरजेच्या रूपात कशी मांडावी, हा त्यातील प्रश्न होता. फूर्ये श्रेणीत ज्या फलनांची बेरीज करावयाची, ती आधीच ठरलेली असतात. कोसंबींच्या पद्धतीत ती त्या राशीच्या स्वतःच्या सहविचरणावरून निश्चित होतात. यामुळे दोन गोष्टी साधतात. श्रेणीतील सहगुणक परस्परांशी असंबद्ध राहतात. आणि ठरावीक संख्येची पदे घेतली असता सरासरी वर्गत्रुटी अन्य कोणत्याही फलनसमूहापेक्षा कमी, किंवा फार तर तेवढीच, राहते. म्हणूनच प्रचंड माहिती मोजक्या अंकांत साठवता येते.

हा निबंध महायुद्धाच्या काळात भारतीय नियतकालिकात आला व परदेशातील गणितज्ञांचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढील काही वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन व फ्रेंच गणितज्ञ मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच सूत्र मांडले आणि ते त्या दोघांच्या नावाने रूढ झाले. अलीकडे अनेक ग्रंथकार त्याला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह विस्तार म्हणतात. प्रतिमांचे संक्षेपण, द्रवांच्या खळबळत्या प्रवाहाचे विश्लेषण व मातीच्या अनिश्चित गुणधर्मांनुसार पायाची गणिते यांसाठी अभियंते ते वापरतात.

१९४४मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र दिले. आनुवंशिकीत ते कोसंबी फलन म्हणून प्रसिद्ध आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

१९४५मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सोडल्यानंतर होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. पुण्याहून मुंबईला ते डेक्कन क्वीन गाडीने ये-जा करीत. १९४८-४९मध्ये त्यांनी इंग्लंड व अमेरिकेत गणकयंत्रांचा अभ्यास केला. जागतिक शांतता चळवळीत ते सक्रिय होते. भारताने अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेवर भर द्यावा, असे त्यांचे मत होते आणि ते भाभांच्या धोरणाशी जुळणारे नव्हते.

१९५९मध्ये त्यांनी संभाव्यताशास्त्राच्या आधारे रीमान गृहीतकाशी संबंधित एक निबंध कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातील सिद्धतेचा दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही व त्यांच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. १९६२मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही.

गणिताचा इतिहासाला उपयोग

वापरातील नाणे झिजते. म्हणून काळ जाईल तसे एकाच प्रकारच्या नाण्यांचे सरासरी वजन घटते व वजनांतील तफावत वाढते. या तत्त्वावर कोसंबींनी हजारो आहत नाणी स्वतः तोलून त्यांचा कालक्रम लावण्याची रीत घालून दिली. नाण्यांवरून ते राजवंशांकडे व तेथून प्राचीन समाजाच्या उत्पादनपद्धतीकडे वळले. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६मध्ये प्रसिद्ध झाला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (१९४८) आणि वि. वि. गोखले यांच्यासह केलेले विद्याकराच्या सुभाषितरत्नकोशाचे संपादन (१९५७) ही त्यांची संस्कृतातील महत्त्वाची कामे होत.

अखेरचा काळ

मुंबईतील नोकरी संपल्यावरही त्यांचे संशोधन व पुण्याच्या परिसरातील क्षेत्रभ्रमण चालू होते. १९६५मध्ये प्राचीन भारताची संस्कृती व सभ्यता यांवरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५८व्या वर्षी, पुण्यातील राहत्या घरी झोपेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारतीय टपाल खात्याने २००८मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी या त्यांच्या कन्या होत.